मैदानाची किल्ली

(संस्थेच्या वार्षिक क्रीडा समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्याने खेळाचे फायदे सांगावयाचे असतात. ते आपण दरवर्षी ऐकता, म्हणून मी ते सोडून देतो. आज सकाळी धावण्याच्या शर्यतीत आठवीतल्या एका मुलाचा पाय खड्ड्यात गेला आणि मुरगळला. तो समोर पहिल्या रांगेत पाय बांधून बसला आहे. मला त्या खड्ड्याविषयी बोलावयाचे आहे.

शाळेमागची ती मोकळी जागा महापालिकेची आहे. सकाळी आपली मुले तेथे खेळतात, संध्याकाळी मोहल्ल्यातील क्रिकेट आणि कबड्डीची मंडळे. अधूनमधून तेथे मंडप पडतो. मंडप निघतो आणि बांबूंचे खड्डे मागे राहतात. ते बुजवावयाचे कोणी? महापालिका म्हणते, वापरणाऱ्यांनी. मंडळे म्हणतात, मालकाने. शाळा म्हणते, जागा आमच्या नावावर नाही.

मी ऐन उमेदीची वर्षे धुळ्यात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून काढली. तेथील गल्ल्यांना नंबर आहेत, रस्ते सरळ आखलेले आहेत. ब्रिग्जसाहेबाने 1819 नंतर वसविलेल्या पेठेची ती आखणी. पण त्या सरळ गल्ल्यांतील मुलांना खेळावयास जागा शोधावी लागे. एका मैदानावर कबड्डीचे एक मंडळ रोज पहाटे येई. कबड्डीला जागा ती किती लागते! पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. तेवढी माती ती मुले चाळून, खडे वेचून, पाणी मारून तयार करीत. एकदा तेथे मोठा कार्यक्रम झाला, ट्रक आत आले आणि वर्षाची मेहनत एका रात्रीत गेली. मुले तक्रार घेऊन गेली तेव्हा त्यांना विचारण्यात आले, "तुम्हाला तेथे खेळण्याची परवानगी कोणी दिली?" त्यांच्याजवळ कागद नव्हता. त्यांच्याबरोबर मी गेलो होतो. मीही गप्प राहिलो. ते मंडळ पुढे दोन महिन्यांत मोडले.

पालकांनी कायद्याची बाजूही समजून घ्यावी. जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या महापालिका 2003 साली झाल्या. महापालिकांच्या कायद्यात पाणी, गटारे, दिवाबत्ती ही बंधनकारक कामे आहेत. बागा आणि क्रीडांगणे ऐच्छिक कामांच्या यादीत येतात. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने क्रीडांगणांचा विषय बाराव्या अनुसूचीत नोंदविला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु तिजोरीत खडखडाट असला की ऐच्छिक कामाला प्रथम कात्री लागते. शासनाची क्रीडांगण विकासाची अनुदान योजना आहे, जिल्हा क्रीडा कार्यालयात तिची माहिती मिळते. तिच्यातून मैदान तयार होण्यास मदत होते. रोजची झाडलोट कोणतेही अनुदान करीत नाही.

आणि आपल्या खान्देशात ही रोजची निगाच मुख्य आहे. आपली माती काळी. क्रिकेटच्या खेळपट्टीला ती उत्तम, पण मोकळ्या मैदानाला वैरीण. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती बुटाला चिकटून वर येते. म्हणून मे महिन्यात खड्डे भरून, धुम्मस करून, वर मुरूम पसरावा लागतो आणि एका बाजूला उतार द्यावा लागतो. पाऊस पडून गेल्यावर रोलर केव्हा फिरवावा, हे ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना सांगावयास नको. वाफसा आल्यावर! ओल्या मातीवर फिरविला तर चिखल गोळा होतो, वाळलेल्यावर फिरविला तर नुसता व्यायाम. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी उपटावयाचे असते. एकदा बी पडले की पुढच्या वर्षी दुप्पट काम. हे सारे अंगमेहनतीचे काम आहे आणि ते वेळेवर व्हावे लागते. महापालिकेचा मजूर नेमका वाफशाच्या दिवशी येईल, ही अपेक्षा मी ठेवीत नाही. मुरूम, रोलर, पाण्याचा टँकर या वस्तू मात्र मुलांच्या वर्गणीतून येणाऱ्या नाहीत. त्या महापालिकेनेच द्यावयास हव्यात. त्यातही पिण्याचे पाणी मैदानावर मारू नये. धुळ्याच्या टंचाईत दिवस काढलेला माणूस हे बोलतो आहे, त्याचे ऐका. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पुरे.

आता मुंबईची एक जुनी हकीकत सांगतो. 1880 च्या सुमारास तेथील एस्प्लनेड मैदानावर आपले देशी तरुण क्रिकेट खेळत आणि युरोपियन साहेब त्याच जागेवर पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी हिरवळ उखडे. 1881 साली शेकडो देशी खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने या झगड्यावर 1897 साली पुस्तकच लिहिले. पुढे समुद्राच्या बाजूस पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना वेगवेगळ्या जागा मिळाल्या. त्यातूनच आजचा इस्लाम जिमखाना उभा राहिला, याचा आपल्याला अभिमान आहे. पण सभासद नसलेल्या गरीब मुलाचे काय? तो आझाद मैदानावर गेला. तेथे 22 खेळपट्ट्या आहेत. जमीन सरकारी, पण आपापल्या खेळपट्टीची निगा क्लब ठेवतात. माळी त्यांचा, रोलर त्यांचा. कुंपण नसल्यामुळे एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाजवळ उभा असतो. जवळच अंजुमन-इ-इस्लामची शाळा. बस चालविणाऱ्या वडिलांचा मुलगा वसीम जाफर त्या शाळेतून खेळला आणि भारताच्या कसोटी संघात गेला.

हे अशासाठी सांगितले की आपल्या संस्थेतील काही हितचिंतकांचा आग्रह आहे, ती मागची जागा दत्तक घ्यावी, भिंत घालावी आणि फाटकाला आपले कुलूप लावावे. त्यांचा हेतू शुद्ध आहे. जनावरे येतात, पत्ते खेळणारे बसतात. पण मुंबईत दत्तक योजनेचे काय झाले ते पाहा. देखभालीसाठी दिलेल्या काही मैदानांवर क्लब उभे राहिले आणि शेजारची मुले बाहेर राहिली. जानेवारी 2016 मध्ये तेथील महापालिकेने नवे दत्तक धोरण मंजूर केले, तेव्हा इतका गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांनी ते थांबविले आणि पूर्वी दिलेले भूखंड परत घेण्यास सांगितले. आपण कुलूप लावले तर संध्याकाळची मोहल्ल्यातील मुले, ज्यांतील निम्मी शाळा सोडून गॅरेजात आणि हातगाडीवर लागली आहेत, ती कोठे जातील? ती आपलीच मुले आहेत. मी या कुलपाच्या विरुद्ध आहे आणि हे अध्यक्षांच्या समोर बोलतो, मागे नाही.

माझी सूचना अशी. जागा महापालिकेची राहावी आणि किल्लीही तिचीच. तिच्याशी दोन वर्षांचा लेखी करार करावा. मुरूम, रोलर, पाणी आणि कुंपण महापालिकेचे. सफाई, आखणी, गवत आणि खड्डे शाळेचे व मंडळांचे. मंडप घालणाऱ्याकडून अनामत घ्यावी आणि जमीन पूर्ववत झाल्याशिवाय ती परत देऊ नये. धुळ्याच्या त्या मुलांजवळ हा एक कागद असता तर! जो राबेल त्याला खेळण्याची वेळ ठरवून मिळावी, पण दुसऱ्याला हाकलण्याचा अधिकार कोणालाही नसावा. सायंकाळी चार ते पाच हा तास मुलींचा असावा, आणि तो करारात लिहिलेला असावा. तोंडी दिलेला तास पहिल्या क्रिकेट सामन्यालाच जातो. हे ऐकून मागच्या रांगेतील मुली हसत आहेत, त्यांना अनुभव असणार.

अर्जाचा मसुदा मी लिहून आणला आहे, तो मुख्याध्यापकांकडे देतो. तीन मंडळांच्या मुलांशी बोललो. दोन तयार आहेत, तिसरे विचार करून सांगणार आहे. करार होईल तेव्हा होईल. रविवारी फजरच्या नमाजानंतर मी फावडे घेऊन मागे येत आहे. आजचा तो खड्डा उत्तरेकडच्या कडुनिंबाजवळ आहे, तेथून सुरुवात करू.