आप्ताचे कर्ज आणि आपली मदत



वसंतातल्या व्याख्यानांसाठी हा विषय रुक्ष आहे, असे आपल्यापैकी कित्येकांना वाटले असेल. पण या प्रथेचा आणि कर्जाच्या प्रश्नाचा संबंध जुना आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली. त्याच वर्षी, मे महिन्याच्या 12 तारखेला, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे खत आणि रोखे हिसकावून त्यांची होळी केली. लोण आसपासच्या गावांत पसरले. सरकारला चौकशी नेमावी लागली आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला. त्या कायद्यातली एक गोष्ट आजच्या आमच्या विषयाचा गाभा आहे. न्यायाधीशाने नुसत्या रोख्यावरचा आकडा पाहून हुकूमनामा करू नये, तर व्यवहाराच्या मुळाशी जाऊन पहिल्यापासून हिशेब पाहावा, अशी तजवीज त्यात होती. आकडा मोठा की लहान, हा प्रश्न दुसरा; आकडा झाला कसा, हा प्रश्न पहिला.

त्या काळी कर्जाचे नाव काढले की शेतकरी डोळ्यांपुढे येई. शेतकऱ्याचे ओझे आजही उतरलेले नाही; पण आता शहरातले पगारदार घरही त्याच वाटेवर आहे. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, कार्डाची उधारी, सोन्यावरचे कर्ज, थकलेले वीजबिल, सोसायटीची वर्गणी, मुलांची फी आणि या सगळ्यांच्या पोटात लपलेला एखादा महिनेवारी व्याजाचा सावकार. असे घर आपल्या भावाचे असते, बहिणीचे असते, भाच्याचे असते. तेव्हा आपण काय करावयाचे, एवढ्यापुरतेच आज आम्ही बोलणार आहोत.

पहिली अडचण ही की, कर्ज आप्ताला सर्वांत शेवटी कळते. परक्याकडे हात पसरणे सोपे, पण थोरल्या भावापुढे मान खाली घालणे कठीण. म्हणून गोष्ट निराळ्याच रूपाने दिसू लागते. माणूस लग्नकार्याला यायचे टाळतो. अनोळखी क्रमांकाचा फोन उचलत नाही. वहिनींच्या हातातल्या बांगड्या ‘पॉलिशला दिल्या’ म्हणून दिसेनाशा होतात. टपालाने आलेली पाकिटे न फोडताच कपाटावर पडून राहतात. ही लक्षणे दिसली, तर ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण ऐकविण्याचा मोह आवरावा. म्हण खरी आहे. पण ज्याचे अंथरूणच गहाण पडले आहे, त्याला तिचा उपयोग नाही. बोलावयाचे ते चारचौघांत नव्हे, सणाच्या पंगतीत तर मुळीच नव्हे. नवरा आणि बायको दोघांनाही एकत्र बसवावे, कारण पुष्कळ घरांत अर्धे कर्ज एकाला माहीत असते आणि अर्धे दुसऱ्याला.

मग प्रश्न येतो पैशाचा. येथेच आमचे मुख्य सांगणे आहे. आप्ताला आधी पैसा देऊ नका. आधी त्याच्याबरोबर बसून वही घाला. पैसा नंतर, आणि वही सांगेल तेथे. याचे कारण असे की, वहीवाचून दिलेला पैसा जेथे गरज आहे तेथे जात नाही. जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे जातो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, आपला भाचा आहे. पगार हातात येतो महिना 42,000 रुपये. घरकर्जाचा हप्ता 14,000, आणि दोन हप्ते थकलेले, म्हणजे 28,000. कार्डावर 90,000, व्याज महिना शेकडा साडेतीन. एका सावकाराचे 60,000, व्याज महिना शेकडा पाच. सोन्यावर 80,000, महिना शेकडा एक. वीजबिल 9,000 थकले. सोसायटीचे 18,000. शाळेची फी 12,000. आणि मेव्हण्याचे हातउसने 50,000, बिनव्याजी. सगळी बेरीज 3,47,000 होते, आणि घरकर्जाचे मुद्दल वेगळेच. आता महिन्याचे पाहा. पगारातून हप्ता वजा जाता 28,000 उरतात. कार्डाचे व्याज 3,150, सावकाराचे 3,000, सोन्याचे 800, मिळून 6,950 रुपये नुसत्या व्याजापायी जातात. एक पैसाही मुद्दल फिटत नाही. चार माणसांच्या घराला उरतात 21,050. त्यात किराणा, दूध, औषध, जाणे-येणे आणि वीज भागत नाही, म्हणून थकते. थकले की दंड, आणि दंडासाठी पुन्हा उसने. हा माणूस उधळ्या नाही. तो एका चरकात सापडला आहे, आणि चरकाचे दात कोणते, हे त्याने कधी कागदावर पाहिलेले नाही.

आता आपल्याजवळ एक लाख रुपये द्यावयाला आहेत असे धरा. वहीवाचून दिले, तर काय होईल? दिवसातून दहा वेळा फोन कार्डवाल्यांचा येतो. 90,000 तिकडे जातील, उरलेले दहा हजार वाण्याला. भाचा एक रात्र शांत झोपेल. पण घराचा तिसरा हप्ताही चुकेल, आणि हप्ता थकून 90 दिवस उलटले की बँकेच्या दप्तरी ते खाते बुडीताच्या वाटेवरचे ठरते. 2002 च्या कायद्याप्रमाणे बँक मग 60 दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दाव्याची वाट न पाहता, तारण घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. म्हणजे ओरडणारा गप्प झाला, आणि न ओरडणाऱ्याने घर नेले.

वही पुढे ठेवली की क्रम बदलतो. पहिला मान डोक्यावरच्या छपराचा, घरातल्या दिव्याचा, अन्नाचा आणि औषधाचा. म्हणून 28,000 घराच्या थकलेल्या हप्त्यांना. 9,000 विजेला, कारण 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली की कंपनीला जोडणी तोडता येते. दुसरा मान सर्वांत महाग व्याजाचा. म्हणून 60,000 सावकाराला. पण पावती घेऊन, आणि त्याच्याकडे पडलेले सहीचे धनादेश व कोरे मुद्रांक परत घेऊन. झाले 97,000. उरलेल्या तीन हजारांचा किराणा भरावा. महिन्याचे 3,000 व्याज वाचले. ते कार्डाकडे वळवावयाचे, आणि बँकेला लेखी अर्ज करून कार्डाच्या बाकीचे कमी व्याजाचे हप्ते पाडून मागावयाचे. शाळा व सोसायटी यांच्याकडे स्वतः जाऊन हप्ते मागावेत. सोसायटीची बाकी लहान म्हणून सोडू नये. सहकार कायद्याखाली निबंधकाचा वसुलीदाखला मिळवून ती वसूल करता येते. मेव्हण्याचा पैसा शेवटी. तो रागावेल, पण त्याचे व्याज वाढत नाही.

आता भीतीविषयी. कर्जदार जितका कर्जाने खचतो, त्याहून अधिक धमकीने खचतो. म्हणून खरे काय आणि बागुलबुवा कोणता, हे मदत करणाऱ्याला माहीत पाहिजे.

‘पैसे दिले नाहीत तर तुरुंगात टाकू,’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली स्पष्ट सांगितले आहे की, केवळ दारिद्र्यापायी कर्ज फेडता येत नाही म्हणून माणसाला दिवाणी तुरुंगात घालता येत नाही. ऐपत असून बदनियतीने न देणाऱ्याची गोष्ट वेगळी. मात्र धनादेशाची गोष्टही वेगळी आहे. धनादेश न वटता परत आला, लेखी मागणी मिळाली आणि पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर तो फौजदारी गुन्हा होऊ शकतो, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतची आहे. म्हणून सावकाराच्या हाती कोरा धनादेश सही करून देणे म्हणजे आपल्याच हाताने बेडी घडविणे होय.

‘घरातली भांडी उचलून नेऊ,’ ही दुसरी धमकी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाप्रमाणे नेसूचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने यांवर जप्ती येत नाही. मंगळसूत्राकडे बोट दाखविणाऱ्याला एवढे एक कलम ऐकविले तरी पुरते. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातच्या नंतर करू नयेत, धाकदपटशा व चारचौघांत अपमान करू नये, अशी ताकीद रिझर्व्ह बँकेने 2022 च्या ऑगस्टमध्ये दिली. ती मोडली गेली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी, आणि दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला फी पडत नाही.

सावकारासाठी महाराष्ट्रात 2014 चा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा त्यात गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा आपल्याकडचा दामदुपटीचा जुना नियम याही कायद्याने मानला आहे. म्हणून वहीत आणखी एक रकाना हवा : आजवर व्याज किती दिले? कित्येकदा साठ हजारांचा कर्जदार साठ हजारांहून अधिक व्याज देऊन बसलेला असतो, आणि तरीही स्वतःला चोर समजत असतो. 1879 च्या कायद्याने न्यायाधीशाला जे करावयास सांगितले, ते हेच.

आलेले पाकीट फोडलेच पाहिजे, आणि न्यायालयाची तारीख असेल तर हजर राहिलेच पाहिजे. गैरहजर माणसाविरुद्ध एकतर्फी निकाल होतो. तारण घराची नोटीस आली, तर लेखी म्हणणे मांडता येते व बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावे लागते. वकिलाची ऐपत नसेल, तर जिल्ह्याच्या विधिसेवा प्राधिकरणाकडे जावे. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत साहाय्य मिळते.

याच ओघात एक गोष्ट कळकळीने सांगतो. कर्ता पुरुष गेल्यावर तेराव्याच्या आत सावकार दारात उभा राहतो, आणि बिचारी विधवा ‘त्यांचे नाव राहावे’ म्हणून कोणत्याही कागदावर सही करते. मृताचे कर्ज वारसांनी फेडावयाचे, ते त्यांच्या हाती आलेल्या मृताच्या मालमत्तेपुरतेच. बापाचे ऋण फेडण्याचे जे धर्मकर्तव्य कायदा पूर्वी मुलावर लादीत असे, तेही 2005 च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरते संपले. ती स्वतः सहकर्जदार वा जामीन असेल तर गोष्ट निराळी. पण कागद वाचल्यावाचून त्या दिवसांत सही नको. आप्ताने अशा वेळी दुसरे काही केले नाही आणि शेजारी बसून ‘कागद ठेवून जा, महिन्याने या,’ एवढे म्हटले, तरी मोठे काम झाले.

आता मदत करणाऱ्याच्या मर्यादा. जामीन राहणे ही आपल्याकडे भिडेची गोष्ट समजतात. ‘नुसती सही तर द्यायची आहे,’ असे म्हणतात. पण 1872 च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी त्याला सोडून थेट आपल्याकडे येऊ शकते. एका घराचे कर्ज दोन घरांवर पसरविणे ही मदत नव्हे. आपल्या नावावर नवे कर्ज काढून त्याचे फेडणे हेही तसेच. द्यावयाचे ते एवढेच द्यावे की, परत आले नाही तरी येणे-जाणे तुटणार नाही. देणगी असेल तर देणगी म्हणावे, उसने असेल तर दोन ओळी लिहून ठेवाव्यात. लिहिण्याने नाते तुटत नाही. एकाने देणगी समजावी आणि दुसऱ्याने उसने, याने तुटते. शक्य तो पैसा परस्पर धनकोला भरावा. मात्र भाच्याला बरोबर नेऊन, त्याच्याच हातून. आणि कर्जाच्या मुळाशी दारू किंवा जुगार असेल, तर आधी त्यावर उपचार. तेथे पैसा ओतणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे.

वही एका बैठकीत संपत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी, वर्षभर, अर्धा तास बसावे. काय फिटले त्यावर रेघ मारावी. पहिली रेघ साध्या वीजबिलाची असेल. पण ज्या माणसाने दोन वर्षे नुसती बेरीज वाढताना पाहिली, त्याला त्या रेघेचे मोल विचारा. या बैठकीत उपदेश नको, मागचा हिशेब काढून टोचणे नको. चहा मात्र असावा.

कर्जाने माणसे जीव देतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. आमची खात्री आहे की, आपले सगळे देणे दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे, आणि तरीही तो आपल्याकडे येतो, आपल्या घरचा चहा पितो, एवढ्या एका जाणिवेने पुष्कळ माणसे वाचतील. पैसा प्रत्येकाजवळ नसतो. अर्धा तास आणि एक कोरी वही आपणा सर्वांजवळ आहे. घरी गेल्यावर, गेल्या दोन कार्यांना कोण आले नव्हते, तेवढे आठवून पाहा, इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.