कशावरून? : आपल्या घराण्याचा इतिहास लिहिताना

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही इतिहासकार नव्हे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर आम्हा दोघा भावांना घराण्याची माहिती गोळा करण्याचा नाद लागला. त्यात आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे ध्यानात येईल.

काही वर्षांपूर्वी आम्ही बारा पानांची पुस्तिका काढली आणि झेरॉक्स करून भाऊबंदांत वाटली. तिच्यात ठोकून दिले, की आमचे आजोबा काळाराम मंदिर सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. लोकांनी कौतुक केले. एका नातलगाच्या पुण्यानुमोदनाच्या पत्रकात ते वाक्य जसेच्या तसे छापूनही आले. मग एके दिवशी कॉलेजात शिकणाऱ्या नातीने विचारले, “आबा, हे कशावरून लिहिलं?” आम्ही दोघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

गावी आत्याकडे गेलो. ती म्हणाली, “मी तवा जन्मले बी नव्हते, पण आईनं सांगितलंय. तुरुंगात गेला तो तुमचा चुलत आजा. दोघांचं नाव एकच. माझ्या बापाला रथाच्या दिवशी दगड लागला, तो घरी पडून होता.” म्हणजे आजोबांचे नाव मोठे करण्याच्या भरात आम्ही चुलत घराचा मान पळवला होता! त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. नवी पुस्तिका काढली. तुरुंगाचा कागद अजून आमच्या हाती नाही, म्हणून तिच्यात एवढेच लिहिले: ‘आत्याने सांगितले, तिने आपल्या आईकडून ऐकले.’

बंधूंनो, आत्या शाळेत गेली नाही. पण आपण स्वतः पाहिले काय आणि दुसऱ्याकडून ऐकले काय, हा फरक तिने आपण होऊन सांगितला. शिकलेले असून आम्ही तो सांगितला नव्हता.

२ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी लढा नेटाने चालवला आणि तो १९३५ पर्यंत चालला, हे पुस्तकांत मिळते. पण त्यात आपला आजा कोणत्या दिवशी, कोठे होता, हे आपल्यालाच शोधावे लागते. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी आहेत. आपल्या पणजाला तो घाटच बंद होता, तर वहीत नाव कुठून येणार? म्हणून आपला इतिहास म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आणि सरकारी दप्तरात विखुरलेला आहे. तो गोळा करताना प्रत्येक ओळीखाली ‘कशावरून’ हे लिहिलेच पाहिजे.

माणसाने सांगितले असेल तर त्याचे नाव, नाते, वय, तारीख आणि त्याने स्वतः पाहिले की ऐकले, हे टिपून ठेवा. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये काढले. कोणी काय सांगितले, ते त्या त्या बाईच्या नावाने आले, म्हणून आज त्याचा आधार घेता येतो.

कागद असेल तर कार्यालय, रजिस्टरचे नाव, वर्ष, पान आणि अनुक्रमांक लिहा. जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, वतनाचे कागद, पलटणीचे डिस्चार्ज बुक, हे सगळे आपले आधार. मूळ पाहिले की नुसती नक्कल, हेही सांगा. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधत फिरलेली घरे इथे पुष्कळ बसली आहेत. त्यांना तपशिलाची किंमत सांगायला नको. कागद एकदा सापडतो, पण कुठे सापडला हे लिहून ठेवले नाही, तर पुढच्या पोराला पुन्हा सगळे उंबरे झिजवावे लागतात.

आणि कागदही चुकतो बरं का! जुन्या दाखल्यांत कितीतरी जणांचा जन्म १ जूनचा. मास्तरांनी शाळा सुरू व्हायच्या बेताने अंदाजे तारीख टाकलेली. अशा वेळी दाखल्यातली तारीख लिहा, आजी सांगते ती ‘दुष्काळाच्या आदल्या साली’ ही खूणही लिहा. दोन्ही ठेवा. आपल्या सोयीची एक ठेवून दुसरी खोडू नका.

एक गोष्ट मनाला लागते. जुन्या नोंदींत आपल्या माणसांची नावे ‘या’ लावून, तुच्छतेने लिहिलेली आढळतात. आडनाव नाही, नुसती जात. आमच्या पणजोबांचे नाव तसे पाहिले तेव्हा वाटले, हे सुधारूनच लिहावे. पण नाही. नोंदीत जसे आहे तसेच उतरवा आणि शेजारी आपण घेतो ते नाव मानाने लिहा. ती अक्षरे बदलली, तर अपमान झाला होता याचा पुरावाच आपण आपल्या हाताने पुसून टाकू.

हे काही बाहेरून आणलेले शास्त्र नव्हे. आपल्या त्रिरश्मी लेण्यांत दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. वर्ष ४२. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेवले. एकीकडे २०००, दुसरीकडे १०००. व्याज एकीचे महिना शेकडा १, दुसरीचे पाऊण. भिक्खूंच्या चीवरासाठी किती, हेही त्यात आहे. आणि हे सर्व निगमसभेत ऐकवले व फलकावर नोंदवले, असेही कोरून ठेवले आहे. म्हणजे दान तर सांगितलेच, वर त्याची नोंद कुठे आहे तेही सांगितले. कालाम लोकांना तथागतांनी सांगितले ते हेच, की नुसते ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून खरे मानू नका.

तेव्हा एकच विनंती. आज घरी गेल्यावर घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसा. ते जे सांगतील ते लिहा, आणि खाली नाव व तारीख टाका. उद्या कोणी विचारले ‘कशावरून?’, तर आपल्या नातवंडांना खाली मान घालावी लागू नये.

एवढे बोलून आम्ही आमचे चार शब्द संपवतो. नमो बुद्धाय! जयभीम!