‘याड लागलं’ : एका गाण्यातली ओढ



गेटसभेत बोनसवर बोलणाऱ्या माणसाने प्रेमगीतावर बोलावे, याचे तुम्हांला हसू आले असेल. माझे संगीताचे शिक्षण झालेले नाही. कानांना जेवढे कळले तेवढेच सांगतो.

२०१६ साली नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. त्यातले ‘झिंगाट’ वरातीत वाजते, म्हणून सर्वांच्या ओळखीचे. मला बोलायचे आहे ते ‘याड लागलं’विषयी. संगीत अजय-अतुल यांचे, आवाज अजय गोगावले यांचा. ‘वेड’ हा पुस्तकातला शब्द, ‘याड’ हा बांधावरचा. अशा बोलीला सिनेमात बहुधा विनोदासाठी, नाहीतर लावणीसाठी बोलावणे येई. लावणीतली ओढ बैठकीसमोर, दाद घेण्यासाठी मांडलेली असते. इथे बैठक नाही. मासेमाराचा पोरगा पाटलाच्या मुलीला पाहायला विहिरीकडे ऊर फुटेस्तोवर धावतो आहे, आणि त्या धावण्यामागे व्हायोलिनांचा मोठा ताफा आहे. तो वाद्यवृंद थेट कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. एवढी वाद्ये एका गावरान शब्दाच्या मदतीला धावून आली, असे ऐकताना वाटते. मोकळ्या गळ्याच्या त्या आवाजात आनंदाइतकाच भांबावलेपणा आहे.

आणि चित्रपटाच्या शेवटी? मुलीच्या माहेरची माणसे दोघांना मारतात, आणि सगळा आवाजच बंद होतो. लहान मूल रक्ताची पावले उमटवीत दाराबाहेर जाते. एवढे वाजलेले संगीत गेले कुठे, हा प्रश्न घेऊन आपण घरी येतो.

आता माझी कबुली. एका कंत्राटी तरुणाच्या मोबाईलवर भर गेटसभेत हेच गाणे वाजले. मी रागावलो. तो म्हणाला, “काका, दिवसभरात एवढंच आपलं आहे.” वर्षभराने तो पुन्हा आला. परजातीतल्या मुलीशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे होते. १९५४ सालच्या त्या कायद्यात ३० दिवसांची नोटीस कचेरीत लागते आणि ३ साक्षीदार लागतात. दोन मित्र मिळाले होते, तिसरा मी हवा होतो. मी म्हणालो, “हा घरचा मामला. युनियनला यात ओढू नकोस.” तो न बोलता गेला. तिसरी सही त्याला दुसरीकडे मिळाली. आज दोघे सुखात आहेत, पण त्यात माझे काही नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. सुट्टी म्हणजे कामापलीकडेही माणसाचे काही स्वतःचे असते, ही कबुलीच. त्यात ही ओढही येते, हे आम्ही मागणीपत्रवाले सोयीने विसरलो.

घरी गेल्यावर ते गाणे पुन्हा ऐका. आणि आपल्या गल्लीतले कोणी साक्षीदार मागायला आले, तर सही करा. माझ्याकडून ती राहून गेली आहे.