साडेपाच वाजता पोरी कुठं असतात?

(हा भाग जसा बोलला तसाच इथं उतरवलाय. मधले ‘म्हणजे’ आणि ‘ना’ तेवढे कमी केलेत.)

मी सक्करदऱ्याहून बोलतेय. मागून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या तर सांभाळून घ्या, आपला स्टुडिओ म्हणजे आमच्या घराची मागची खोली आहे. आजचा विषय आहे पोरींचा फुटबॉल, पगार आणि थोडा स्वयंपाक. या तिघांचा संबंध काय, ते बोलता बोलता येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी एका खासगी शाळेत खेळाची टीचर आहे. शाळा सुटली की आमच्या भागातल्या एका मैदानावर मुलींना फुटबॉल शिकवते. फी काही नाही. बॉल चार आहेत, त्यातले दोन बरे. पहिल्या वर्षी जूनमध्ये सतरा मुली आल्या होत्या. दिवाळीनंतर मोजल्या तर सहा. लोक म्हणाले, मुलींना आवडच नसते. मी म्हटलं, थांबा, घरी जाऊन विचारते.

अकरा घरी गेले. दोघींचं कारण शाळेचं होतं, दहावी. एकीचं पाळीचं, कारण मैदानाच्या आसपास वापरण्यासारखं टॉयलेट नाही. उरलेल्या आठ घरांत थोड्याफार फरकानं एकच उत्तर मिळालं. एका काकूंनी ते अगदी स्वच्छ सांगितलं, “मॅडम, पोट्टीले पाठवाले माही ना नाही. पण मी कामावरून येतो सात वाजता. सायंकाळचा सैपाक कोन करन?” या काकू चार घरी पोळ्या लाटतात. पाचव्या, म्हणजे स्वतःच्या घरच्या पोळ्या त्यांची चौदा वर्षांची मुलगी लाटते. आणि त्याच घरातला सोळा वर्षांचा मुलगा त्या वेळी कुठं होता? आमच्याच मैदानावर, पलीकडच्या बाजूला, क्रिकेट खेळत. मी त्याला रोज बघत होते.

आता जरा आकडा सांगते. केंद्र सरकार एक पाहणी करतं, लोक दिवसभराचा वेळ कशात घालवतात याची. २०२४ च्या पाहणीत असं आलं की घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. आणि घरकाम करणारे पुरुष? ८८ मिनिटं. फुटबॉलची मॅच ९० मिनिटांची असते, म्हणजे दादालोकांची एक मॅचसुद्धा पुरी होत नाही. आणखी गंमत ऐका. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, तर पुरुषांनीही आपली नऊ कमी करून घेतली! (हसते.) आणि हे ८८ वाले कोण, तर जे घरात काही तरी करतात ते. जे काहीच करत नाहीत, ते या सरासरीत धरलेलेच नाहीत.

मुलीनं खेळावं की नाही हा प्रश्न आपण तिच्या ताकदीवर, कपड्यांवर, फार तर ‘लोक काय म्हणतील’वर नेऊन ठेवतो. माझ्या अनुभवात पहिला प्रश्न घड्याळाचा असतो आणि दुसरा मैदानाचा. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला, ग्रँडमास्टर झाली. अख्खं शहर खूश होतं, मीही होते. तिची मेहनत अफाटच आहे. पण पट घरातल्या टेबलावर मांडता येतो. फुटबॉलला एकाच वेळी, एकाच मोकळ्या जागी, बऱ्याच जणी लागतात. बावीस घरांतून बावीस पोरी एकाच तासाला सुटल्या पाहिजेत. म्हणून मला वाटतं, एखाद्या वस्तीत मुलींचा फुटबॉल चालतो की नाही, यावरून त्या वस्तीतल्या घरांत काय चालतं ते कळतं.

मैदानावरून एक जुनी गोष्ट सांगते. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले आणि कारखान्यांत बायका आल्या. प्रेस्टन गावातल्या डिक, कर या कंपनीच्या कामगार मुली १९१७ मध्ये फुटबॉल खेळायला लागल्या. सुरुवात जेवणाच्या सुट्टीत झाली. हातात स्वतःचा पगार, रोज एकत्र येणं, आणि आवारातली मोकळी जागा. बघा, तिन्ही गोष्टी होत्या. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांची मॅच झाली, तिला ५३ हजार लोक आले. जागा नाही म्हणून कितीतरी हजार बाहेर राहिले. एक वर्षही उलटलं नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ ला तिथल्या फुटबॉल असोसिएशननं ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही.

पण त्यांनी नेमकं काय बंद केलं ते ऐका. ‘बायकांनी फुटबॉल खेळू नये’ असा कायदा काही त्यांनी केला नाही, तो त्यांच्या हातातही नव्हता. आपल्या क्लबांना एवढंच सांगितलं, तुमची मैदानं बायकांना द्यायची नाहीत. बस्स. खेळा ना, कोण अडवतंय, फक्त मैदान नाही मिळणार. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं चालली. ब्राझीलनं तर १९४१ मध्ये बायकांचा फुटबॉल कायद्यानंच बंद केला, तो १९७९ पर्यंत. आपल्याकडं असा ठराव कोणी केला नाही. गरजच पडली नाही.

उलट आपल्या बायका सुरुवातीला बऱ्याच पुढे होत्या. १९७५ मध्ये महिला फुटबॉलची राष्ट्रीय संघटना झाली, त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पुढच्या काही वर्षांत भारताच्या मुली आशियाई स्पर्धेत दोनदा उपविजेत्या ठरल्या, दुसऱ्यांदा १९८३ मध्ये. शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. नंतर मात्र सगळं ढेपाळलं. २०२२ च्या जानेवारीत आशियाई स्पर्धा आपल्या महाराष्ट्रात होती, मुंबई, नवी मुंबई, पुण्यात. त्यात आपल्या टीममध्ये कोरोना घुसला, खेळाडू पुरेनात, आणि घरच्या मैदानावर स्पर्धा सोडावी लागली. मी मोबाईल घेऊन बसले होते मॅच बघायला. जुलै २०२५ मध्ये याच संघानं थायलंडला त्यांच्याच देशात २-१ नं हरवलं आणि पात्रता फेरीतून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. आमच्या पोरींना मी ते गोल दहा वेळा दाखवले असतील.

आता नागपूर. फुटबॉल आणि नागपूर म्हटलं की तुम्ही म्हणणार ‘झुंड’. बरोबरच आहे. हिस्लॉप कॉलेजचे खेळाचे शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला, तेच पुढं ‘स्लम सॉकर’ झालं. नागराज मंजुळेंचा सिनेमा २०२२ चा. बारसे सरांची ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल, भर पावसात मुलं फुटकी बादली लाथाडत खेळत होती, ते त्यांनी पाहिलं आणि तिथून सगळं सुरू झालं. मला ही गोष्ट फार आवडते. पण मनात एक खोडसाळ विचार येतोच. त्या मुलांच्या बहिणी त्या वेळी कुठं असतील? माझा अंदाज, धड असलेल्या बादल्या त्यांच्या हातात असतील.

हे स्लम सॉकरवाल्यांनाही नंतर दिसलंच असणार, कारण त्यांनी मुलींसाठी वेगळं काम उभं केलं. २०१८ मध्ये त्यांना फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला. त्यांचं केंद्र बोखाऱ्याला, म्हणजे आमच्यापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सक्करदऱ्याच्या मुलीला तिथं रोज जाणं जमणार नाही. ‘झुंड’मध्ये रिंकू राजगुरूचा भाग आठवतोय का? तिला खेळता येतं, निवड होऊ शकते, आणि बाप-लेक पासपोर्टच्या कागदांसाठी दारोदार फिरतायत. गोल मारण्याच्या किती आधी आपली मॅच सुरू होते, ते त्यात दिसतं.

पगाराकडं येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयनं जाहीर केलं की क्रिकेटमध्ये बाई आणि पुरुष दोघांना मॅच फी सारखी. टेस्टला १५ लाख, वन डेला ६, टी-ट्वेंटीला ३. चांगलीच गोष्ट आहे, मी टाळ्या वाजवल्या. फक्त त्या वेळी वार्षिक करारात वरच्या श्रेणीतल्या पुरुषाला ७ कोटी होते आणि वरच्या श्रेणीतल्या बाईला ५० लाख. आणि मॅच फी मिळते मॅच झाली तर. बायकांच्या टेस्ट मॅच किती होतात? फुटबॉलमध्ये २०२३ साली भारतीय महासंघानं महिला लीगच्या क्लबांसाठी नियम आणला, ठरावीक खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचा करार द्यायचा. महिन्याला साधारण साडेसव्वीस हजार. नाक मुरडण्याआधी एवढं लक्षात घ्या, त्याआधी किमान असं काही नव्हतंच.

माझ्याच नोकरीचं सांगते. शाळेचं नाव घेणार नाही. माझ्याबरोबर एक सर आहेत, खेळाचेच. डिग्री तीच, तास तेवढेच, उलट स्पोर्ट्स डेचं सगळं मी बघते. एकदा सहज बोलताना त्यांनी पगार सांगितला. अठरा हजार. माझा तेरा. ऑफिसमध्ये विचारलं तर उत्तर आलं, “त्यांना घर चालवायचं असतं ना मॅडम.” म्हणजे मी काय करते? माझ्या पगारातून आमच्या घरचं लाइट बिल आणि बाबांच्या गोळ्या जातात, तरी ते घर चालवणं नाही. मैदान न देताना म्हणतात, तुझी जागा घरात. पगार कमी देताना म्हणतात, घर तर दुसराच चालवतो. एकाच घराचा दोन्हीकडून उपयोग!

कायदा मात्र बाजूनं आहे, हे तुम्ही लिहून ठेवा. समान कामाला समान वेतन हे राज्यघटनेच्या कलम ३९ मध्ये आहे. १९७६ मध्ये समान वेतनाचा वेगळा कायदा झाला, तोच आता २०१९ च्या वेतन संहितेत घेतलाय. सारख्या कामासाठी लिंग बघून कमी पगार देता येत नाही. ‘त्यांना घर चालवायचं असतं’ हे कारण त्यात कुठंही नाही. मी लेखी अर्ज दिला, कामाचे तास आणि कामांची यादी जोडून. सरांनी स्वतःच्या पगाराची स्लिप दिली, म्हणून अर्जाला वजन आलं. हे त्यांचं मोठेपण मी विसरणार नाही, कारण पगार लपवून ठेवायचा ही आपल्याकडं रीतच आहे. आता सोळा मिळतात. उरलेल्या दोनचा अर्ज टेबलावर आहे.

आणि मैदानाचं काय झालं? मुलांच्या टीमवाल्या दादांशी बोलले. मंगळवार आणि शुक्रवार, साडेपाच ते सात, अख्खं मैदान मुलींचं. पहिले दोन आठवडे भांडणंच झाली. एक जण म्हणाला, “दोन पोट्ट्या येतात अन् पूर्ण मैदान अडवून ठेवतात.” त्या दिवशी खरंच पाचच आल्या होत्या. पण वेळ ठरलीय हे घरोघरी कळलं तसा फरक पडला. आई परवानगी देते ती ठरलेल्या वेळेला. ‘कधीतरी जाते’ याला कोणी देत नाही. डिसेंबरात सहा वाजताच अंधार पडतो, तेव्हा आम्ही सकाळी जातो, मग नळाच्या वेळेशी मारामारी.

त्या पोळ्यावाल्या काकूंची मुलगी परत आली, आठवड्यातून एक दिवस, शुक्रवारी. मंगळवारी जमत नाही. शुक्रवारी तिचा भाऊ भात-वरण लावतो. पोळ्या नाही करत, म्हणतो गोल होत नाहीत. मी म्हटलं, अरे चौकोनी कर, पोटात काय फरक पडणार आहे! तिला डावा पाय फार छान आहे. एका दिवसाच्या सरावावर जिल्ह्याच्या निवडीत टिकणं कठीण, हे मला कळतं, तिलाही कळतं. मंगळवारचं अजून बोलणं चालू आहे.

आता तुमच्याकडून एक हवंय. तुमच्या भागातल्या मैदानावर उद्या साडेपाचला जा, मुलगे किती आणि मुली किती ते मोजा, आणि मला व्हॉइस नोट पाठवा. गावाचं किंवा चौकाचं नाव सांगा. पुढच्या भागात ते आकडे वाचून दाखवते. चला, कुकर उतरवायला जाते. म्हणजे खरं तर आज भावाची पाळी आहे, पण शिट्ट्या मोजायला तो विसरतो.