खेळाडूच्या घामाचे मोल

१९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. त्या औदार्याला वंदन असो. परंतु औदार्य म्हणजे व्यवस्था नव्हे. अमेरिकेत २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंस थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली, कारण तेथे सामन्यांतून अमाप पैसा येतो. परभणीच्या महाविद्यालयीन कबड्डीतून तो येत नाही. येथे शेतमजुराचा मुलगा सरावाला आला की त्याची मजुरी बुडते. ‘खेलो इंडिया’चा दरमहा १०,००० रुपयांचा भत्ता मोजक्या निवडलेल्यांनाच मिळतो. म्हणून मागणी बाजारभावाची नसावी. सरावाच्या दिवसांची मजुरी आणि आहार हा विद्यापीठ संघातील प्रत्येक गरजू खेळाडूचा हक्क मानला जावा. अन्यथा मैदानावर सुखवस्तूंचीच मुले उरतील.