गोठलेला चक्का आणि फ्रिजचा सेन्सर

आज फ्रिजबद्दल बोलायचं आहे. तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी आता फ्रिज आहे, काही गटांनी तो धंद्यासाठी घेतला आहे. तो बिघडला की आपण मेकॅनिकला फोन लावतो, तो सांगेल ते ऐकतो आणि मागेल तेवढे पैसे देतो. आम्हीही तेच करणार होतो.

आमचा गट श्रीखंड करतो. गटाचा दोन दारांचा फ्रिज एका वहिनींच्या घरी ठेवलेला आहे, कारण त्यांच्याकडे दिवसभर कोणी ना कोणी असतं. पाडव्याच्या चार दिवस आधी सकाळी डब्याचं झाकण काढलं, तर चक्क्याचा नुसता दगड. खालच्या कप्प्यात, जिथे बर्फ व्हायलाच नको, तिथे ११ किलो चक्का गोठलेला. बाहेर काढून ठेवला तर पाणी वेगळं झालं आणि चक्का रवाळ. त्याचं श्रीखंड कोणाच्या पानात वाढणार? आठ दिवस आमच्या घराघरांत कढी होती.

बैठकीत पहिला प्रश्न निघाला, बटण कोणी फिरवलं? सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. कोणी म्हणालं, पोरं हात लावत असतील. नुकसानीतले १,१०० रुपये त्यांच्या बचतीतून वळते करावेत असं ठरलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "बटण होतं तिथंच आहे." आम्ही ते ऐकलं आणि इतिवृत्तात १,१०० रुपये लिहून टाकले.

मग मेकॅनिक आला. त्याने दार उघडलं, फ्रिजच्या मागे हात लावून पाहिला आणि म्हणाला, कॉम्प्रेसर कमजोर झालाय, गॅसही कमी आहे, ६,५०० रुपये लागतील. वहिनींच्या सुनेने आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला आहे. ती चहा घेऊन आली होती. तिने विचारलं, "दादा, गॅस कमी असेल तर खाली-वर दोन्हीकडे एवढं गार कसं होतंय?" तो म्हणाला, बघून सांगतो, आणि गेला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

पण प्रश्न बिनतोड होता. गारवा तयार करायचं काम कॉम्प्रेसर आणि गॅस मिळून करतात. ते थकले तर दूध नासेल, वरचा बर्फ वितळेल. आमच्याकडे तर उलटं होतं, कोथिंबीरसुद्धा काचेसारखी झालेली. म्हणजे गार करणारा ठीक होता, थांब म्हणणारा चुकत होता.

हा थांब म्हणणारा कोण? नव्या दोन दारी फ्रिजमध्ये आतल्या बाजूला, प्लॅस्टिकच्या झाकणामागे, घेवड्याच्या दाण्याएवढा एक तुकडा असतो. त्याला दोन बारीक तारा असतात. तो सेन्सर. आत किती गार आहे हे तो मागच्या सर्किटला कळवतो. गार वाढलं की त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो, गरम झालं की कमी होतो. सर्किट तेवढंच बघतं आणि कॉम्प्रेसर चालू-बंद करतं. सेन्सरने खोटं सांगितलं तर सर्किटला ते कळायला दुसरा मार्ग नाही. आत गरम आहे असं तो सांगत राहिला, तर कॉम्प्रेसर चालतच राहतो आणि भाजी गोठते. फार गार आहे असं सांगितलं, तर कॉम्प्रेसर चालतच नाही आणि दूध नासतं. तार तुटली तर काही फ्रिजमध्ये दिवा लुकलुकतो किंवा आकडा दिसतो. पण सेन्सर नुसता चुकीचं सांगत असेल तर बहुतेक वेळा दिवाही लागत नाही.

तरी लगेच सेन्सरवर ठपका ठेवायचा नाही. तीच चूक आम्ही वहिनींच्या बाबतीत केली होती. आधी साध्या गोष्टी बघून घेतल्या. दाराच्या रबरात नोट धरून दार लावलं आणि ओढून पाहिली, घट्ट होती. गार हवा जिथून येते त्या जाळीला डबे टेकले होते. जाळीजवळ ठेवलेली वस्तू चांगल्या फ्रिजमध्येही गोठते, म्हणून डबे चार बोटं पुढे घेतले. बटण सगळ्यात कमी गारव्यावर आणलं. मग मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास ठेवला आणि त्यात थर्मामीटर. तापाचा नव्हे, दुधाचा. हवेत धरलेला थर्मामीटर दार उघडताच बदलतो, पाण्यातला पटकन बदलत नाही, म्हणून ग्लास. खालचा कप्पा ५ अंशांच्या आत हवा, पण शून्यावर यायला नको. वरचा उणे १८ च्या आसपास.

एक दिवस आणि एक रात्र आम्ही वही ठेवली. दर दोन तासांनी ग्लासातला आकडा आणि कॉम्प्रेसर चालू की बंद, एवढंच लिहायचं. रात्रीची पाळी वहिनींनी स्वतःहून घेतली. सकाळी ग्लासावर बर्फाचा पापुद्रा आणि वहीत सगळीकडे 'चालू'. बटण कमीवर असूनही एकदासुद्धा 'बंद' नाही. तुमचा फ्रिज इन्व्हर्टरचा असेल तर तो हळू हळू बराच वेळ चालतो, त्याला नुसतं तेवढ्यावरून बिघडलेला म्हणू नका. पाणी गोठतंय का, ते बघा.

पुढचं काम सुनेने केलं. प्लग काढला, नुसतं बटण बंद केलं नाही. झाकण उघडून सेन्सरचा जोड सोडवला. मल्टिमीटर तिच्याकडे होताच. स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घेतलं, कारण वितळणाऱ्या बर्फाचं पाणी बरोबर ० अंशावर असतं. सेन्सरचं टोक त्यात बुडवलं, जोड कोरडा ठेवला आणि पाच मिनिटं थांबली. आमच्या फ्रिजचा सेन्सर २५ अंशांना १० किलोओहम दाखवणारा. बर्फात तो ३० च्या आसपास जायला हवा. तो ११ वरच बसून राहिला. म्हणजे बर्फात बुडालेला असताना तो सांगत होता, खोलीएवढं गरम आहे! वेष्टणात बारीक चीर होती, तिथून ओल आत गेली असणार. सगळ्या कंपन्यांचे आकडे सारखे नसतात, तेव्हा आमचा १० आणि ३० तुमच्या फ्रिजला लावू नका, मॉडेलचा आकडा दुकानात विचारून घ्या. पण बर्फात घातल्यावर आकडा चांगला वाढलाच पाहिजे, हे अशा सगळ्या सेन्सरना लागू आहे.

त्याच मेकॅनिकला पुन्हा बोलावलं. वही आणि पेला पुढे ठेवला. त्याने स्वतः मोजलं, मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सेन्सर आणून बसवला. सेन्सर २८० रुपये, मजुरी ३००. आता तो आमच्याकडे आला की आधी वही मागतो.

मीटर वापरायला कोणी जाणतं नसेल तर झाकण उघडू नका. ग्लास आणि वही एवढं मात्र कोणालाही जमतं, आणि मेकॅनिकशी बोलायला ते पुरतं. साचलेला बर्फ सुरीने कधी खरवडू नका. मागच्या पट्टीवर आर ६००ए लिहिलं असेल तर आतला गॅस पेट घेणारा असतो, नळी फुटली तर धोका आहे. आणि जुन्या साध्या एकदारी फ्रिजमध्ये हा सेन्सर नसतो. तिथे बटणाच्या मागे गॅस भरलेली बारीक नळी असलेला थर्मोस्टॅट असतो. त्याला हे मीटरचं माप चालत नाही, ग्लासाची परीक्षा चालते.

पुढच्या बैठकीत आम्ही १,१०० रुपये वहिनींच्या खात्यावर परत जमा केले आणि सगळ्यांसमोर माफी मागितली. इतिवृत्तातली ओळ खोडायची की नाही यावर थोडा वाद झाला. वहिनी म्हणाल्या, "खोडू नका. खाली लिहा काय झालं ते." तसं लिहिलं आहे. सेन्सरचा आकडा, तारीख आणि सुनेचं नावही त्यात आहे. ग्लास अजून मधल्या कप्प्यात आहे. आज सकाळी त्यात ४ अंश होते.