यंत्राला विचारायचे कोणी?



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर विद्वानांनी, पुढाऱ्यांनी आणि साहित्यिकांनी बोलावे असा रिवाज पडला आहे. मी यांपैकी कोणीही नाही. माझा जन्म याच जिल्ह्यातला; पोटासाठी पुण्यात राहतो आणि एका कंपनीत संगणकाच्या आज्ञावली, म्हणजे आपण सगळे ज्याला सॉफ्टवेअर म्हणतो ते, लिहितो. “जगात जर्मनी, भारतात परभणी” हे आपले आवडते वाक्य ऐकून माझे पुण्याचे सहकारी हसतात. जर्मनीशी बरोबरीचे राहू द्या. पण यंत्रांच्या बाबतीत परभणी आता जगापासून वेगळी राहिलेली नाही, एवढे मात्र खरे. म्हणूनच जो प्रश्न लंडनमध्ये पडला तोच सोनपेठ-पालमलाही पडतो. तो प्रश्न असा : यंत्राने एखाद्या माणसाला ‘नाही’ म्हटले, तर ‘का नाही’ हे त्याने कोणाला विचारावे?

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. यंत्रांच्या नावाने गळा काढण्यासाठी मी उभा नाही. गंगाखेड ही जनाबाईंची भूमी. तिच्याबरोबर साक्षात विठ्ठल जाते ओढू लागला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि आपले डोळे पाणावतात. पण देवाला दळणाला यावे लागले, यातच त्या दळणाचे कष्ट किती होते हे आले! पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायांच्या खांद्यांना पहिल्यांदा विसावा मिळाला. ज्याने कधी पायलीभर ज्वारी दळली नाही, त्याने जात्याच्या आठवणीने हळहळू नये.

तीच गोष्ट आजच्या यंत्रांची. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तालुक्याला चार खेपा घालणारा शेतकरी आज तो घरबसल्या काढतो. भाजीवाल्या मावशी सुट्या पैशांसाठी गिऱ्हाईक परत पाठवत नाहीत. त्यांच्या टोपलीशेजारी चौकोनी ठिपक्यांचा कागद उभा असतो. हे सुख खोटे नाही, आणि ते निर्माण करणाऱ्या धंद्यात मी आहे याचा मला संकोच वाटत नाही.

मग तक्रार कशाची? ती समजण्यासाठी थोडे मागे जाऊ या. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. वरच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले. मराठी कुणब्याचे भवितव्य ठरवणारा कागद त्याच्या हातात असे; परंतु तो वाचून घेण्यासाठी त्याला दुसऱ्याचे पाय धरावे लागत. दोष उर्दूचा नव्हता. ती गोड भाषा आहे आणि आपल्या शहराच्या मोहल्ल्यांत ती आजही आपली आहे. दोष या गोष्टीचा होता, की ज्याच्यावर कारभार चालतो त्याला कारभाराची भाषा कळत नव्हती. पुढे मराठवाडा मोकळा झाला, 1956 मध्ये मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि कचेरीत मराठी आली. आपल्याला वाटले, आता हा अडसर कायमचा गेला.

आज तो दुसऱ्या रूपाने परत येत आहे. कोणाचा अर्ज घ्यायचा, कोणाचा परत पाठवायचा, कोणाचे नाव यादीत ठेवायचे, याचे नियम आता माझ्यासारखे लोक एका अशा भाषेत लिहितात, जी तुम्हाला तर नाहीच, पण खिडकीपलीकडच्या कारकुनालाही वाचता येत नाही. पडद्यावर शब्द मराठी असतात. निर्णय मात्र पडद्यामागे, त्या न वाचता येणाऱ्या भाषेत होतो.

उदाहरण घेऊ. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद तलाठी करीत असे. तो शेतावर न जाता चावडीत बसून पिके लिहितो, हा आपला जुना आक्षेप होता. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र घ्यायचे आणि कापूस की सोयाबीन हे नोंदवायचे. कल्पना उत्तम आहे. माझी नोंद मी करीन, यात स्वराज्याचा अंश आहे. पण शेतकऱ्याजवळ तसा फोन नसला, डोळ्यांना अक्षर दिसत नसले, शिवारात सिग्नल नसला, तर? मुदतीनंतर राहिलेली नोंद नेमलेल्या माणसाकडून करून घेण्याची सोय आहे. म्हणजे जेथे ही योजना कामास येत नाही तेथे शेवटी माणूसच लागतो. नुकसानभरपाईपासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत पुष्कळ गोष्टी त्या नोंदीवर अवलंबून आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या माणसाची किंमत कळते.

लोक समजतात, यंत्राने मधला माणूस काढून टाकला. वस्तुतः तो गेलेला नाही. फक्त त्याने जागा बदलली आहे. तो चावडीतून उठून पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात येऊन बसला आहे. तलाठ्याशी भांडता येत होते. त्याचे घर ठाऊक होते, त्याच्या वरचा अधिकारी कोण तेही ठाऊक होते. तो चुकला तर चारचौघांत त्याला विचारता येत होते. माझे नाव कोणाला ठाऊक आहे? मी लिहिलेल्या चार ओळींमुळे सेलूच्या एखाद्या म्हातारीचा अर्ज परत गेला, तर तिला माझा पत्ता कोण देणार?

आता यंत्र ‘नाही’ कसे म्हणते ते पाहू. आपण माणसाला ओळखतो चेहऱ्याने, चालीने, खोकण्यानेसुद्धा. यंत्र ओळखते अक्षरांनी. ‘कौसल्या’ आणि ‘कौशल्याबाई’ या गावाला एकच. यंत्राला त्या दोन बाया आहेत. माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर; एकीकडे ‘राव’ लावलेला, दुसरीकडे वगळलेला. रोमन लिपीत विठ्ठलाला किती टी आणि किती एच लावायचे, हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलेले! आधारचा पहिला क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी दिला गेला. तेव्हापासून नाव जुळवण्याचे हे काम घरोघरी चालले आहे.

याहूनही सूक्ष्म एक गोष्ट सांगतो. ‘गोऱ्हे’ किंवा ‘वऱ्हाडे’ ही आडनावे घ्या. त्यांतला तो खास मराठी अर्धा ‘र’ संगणकात दोन निरनिराळ्या पद्धतींनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. बृहस्पती जरी चष्मा लावून बसला तरी त्याला फरक दिसणार नाही. पण ज्याने दोन्ही रूपे एक धरण्याची तजवीज केलेली नाही, त्या यंत्राला ती दोन वेगळी आडनावे वाटतात. कारकून म्हणतो, “नाव जुळत नाही.” अर्जदार म्हणतो, “अहो, हे काय, सारखेच आहे!” दोघेही खरे बोलतात, आणि काम अडून राहते.

अंगठ्याचेही तेच. रेशनच्या दुकानातले यंत्र बोटांच्या रेषा पाहते. पण ज्याने जन्मभर ऊस तोडला, विटा वाहिल्या, भांडी घासली, त्याच्या रेषा झिजलेल्या असतात. ज्यांनी सर्वांत अधिक काम केले, त्यांचीच बोटे यंत्राला वाचता येत नाहीत! मग सांगतात, फोनवर ओटीपी येईल. तो फोन तर मुलाच्या नावावर, आणि मुलगा पुण्यात. बाप दुकानात उभा, मुलगा कामात, आणि सहा आकड्यांची मुदत संपत चाललेली. आपल्या पिढीतल्या कितीतरी मुलांना हा फोन ओळखीचा आहे. अंगठा बापाचा, पण त्याची किल्ली मुलाच्या खिशात. जो माणूस कालपर्यंत आपला व्यवहार आपण करीत होता, तो आज स्वतःच्या धान्यासाठी मुलाच्या सवडीची वाट पाहतो. या परावलंबनाची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

आमच्या धंद्यात अशा प्रसंगांना ‘एज केस’, म्हणजे कडेचे प्रसंग म्हणतात. शंभरांतल्या नव्व्याण्णवांचे काम झाले तर योजना यशस्वी मानतात. हिशेबाला हे ठीक दिसते. परंतु 2011 च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 18 लाख 36 हजार होती. तिच्यातला शंभरावा हिस्सा म्हणजे अठरा हजारांहून अधिक माणसे. ती कड नव्हे, ते एक लहानसे शहर झाले. आणि ही माणसे काही चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतात. म्हातारे, विधवा, स्थलांतर करणारे मजूर, ज्यांच्या नावाचे स्पेलिंग दुसऱ्याने लिहिले असे निरक्षर, हेच लोक पुनःपुन्हा त्या कडेवर सापडतात. एका खिडकीवर अडलेला माणूस दुसऱ्याही खिडकीवर अडतो.

कोणी म्हणेल, हे मागास भागाचे रडगाणे झाले. प्रगत देशांत असे होत नाही. त्यांच्यासाठी इंग्लंडची हकीकत सांगतो. तेथील पोस्ट ऑफिसने 1999 पासून आपल्या शाखांमध्ये ‘होरायझन’ नावाची संगणकीय हिशेबप्रणाली बसवली. शाखा चालवणाऱ्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात तुटी दिसू लागल्या. त्यांनी मदत मागितली, तर कित्येकांना उत्तर मिळाले की अशी अडचण फक्त तुम्हालाच येते. यंत्र बरोबर चालते असेच न्यायालये गृहीत धरीत. सुमारे दीड दशकात नऊशेहून अधिक लोक चोरी, हिशेबातली लबाडी अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींची घरे विकली गेली, काहींनी जीव दिला. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले, की त्या प्रणालीतच दोष होते. 2021 मध्ये एकाच दिवशी 39 जणांवरचे कलंक पुसले गेले, आणि उरलेल्यांसाठी 2024 मध्ये पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करावा लागला.

त्या पोस्टमास्तरांना इंग्रजी येत होते, कायदा कळत होता, वर्तमानपत्रे त्यांच्या दारात होती. तरीही यंत्राच्या शब्दापुढे त्यांचा शब्द वीस वर्षे टिकला नाही. मग आपल्या जिंतूरच्या डोंगरातल्या माणसाचा शब्द कसा टिकावा? यंत्र चुकते, यात नवल नाही, माणसेही चुकतात. धोका आहे तो यंत्र चुकतच नाही या श्रद्धेचा.

यावर उपाय काय? यंत्रे फोडणे हा नव्हे. मला तीन साध्या गोष्टी सुचतात. पहिली : यंत्राने नकार दिला, तर त्याचे कारण अर्जदाराला समजेल अशा मराठीत, लेखी मिळाले पाहिजे. ‘सर्व्हर एरर’ हे कारण नव्हे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये झाला. त्यात येणाऱ्या सेवांपुरता हा हक्क आपल्याला मिळालेला आहे : अर्ज नाकारायचा तर कारण लेखी नोंदवावे लागते आणि त्यावर अपीलही करता येते. दुसरी : प्रत्येक खिडकीवर असा एक जबाबदार माणूस हवा, ज्याला समोरच्या माणसाकडे पाहून यंत्राचा निर्णय बाजूला ठेवण्याचा अधिकार असेल आणि तसे केल्याबद्दल त्याच्यावर बालंट येणार नाही. तिसरी गोष्ट आम्हा लोकांसाठी : ज्यांच्यासाठी एखादी सोय करायची, त्यांच्यापैकी दहा जणांच्या हाती ती आधी देऊन पाहावी. वातानुकूलित खोलीत, नव्या फोनवर, तरण्या बोटांनी घेतलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात ज्वारीचे नवे वाण काढतात, तेव्हा ते शेतात वर्षानुवर्षे पेरून पाहिल्याखेरीज शेतकऱ्याला देत नाहीत. बियाण्याला जो न्याय, तो आज्ञावलीला का नसावा?

आणि आपणा नागरिकांकडेही थोडे काम आहे. शेजारच्या काकांचा फॉर्म भरून देणारा मुलगा प्रत्येक गल्लीत असतो. त्याने फॉर्म भरून द्यावाच. पण नकार आला तर ‘सिस्टीम घेत नाही’ एवढे सांगून त्यांना परत पाठवू नये. लेखी कारण मागावे आणि अपील लिहून द्यावे. ‘सिस्टीम’ नावाचा कोणी देव नाही. ती कोणीतरी लिहिलेली असते, कोणीतरी विकत घेतलेली असते, कोणाच्या तरी सहीने चालू झालेली असते. त्या सहीपर्यंत प्रश्न पोहोचला पाहिजे.

आपल्या आधीच्या पिढीने, कारभार आमच्या भाषेत आणि आमच्या संमतीने चालला पाहिजे, यासाठी तुरुंग सोसला. आपल्याला तेवढेही करायचे नाही. खिडकीपुढे उभे राहून, आवाज न चढवता, पण तेथून न हलता, ‘का?’ एवढेच विचारायचे आहे. आणि माझ्यासारख्यांनी त्याचे उत्तर देण्याची तयारी ठेवायची आहे.